घुबड खाते आणि बहिर्जी नाईक

मित्रांनो, तुम्ही कधी एखादा देश तयार केला आहे का?

हसू नका. आमच्या वाड्यातल्या मुलांनी गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत खरोखरच केला होता. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. दुपारी बारा वाजता रस्त्यावर पाय ठेवला तर चप्पल डांबराला चिकटते. मग मुलांनी जायचे कुठे? आमच्या वाड्यात जिन्याखाली गार सावली असते. तिथे सहा जणांनी बैठक मारली आणि संध्याकाळच्या आत एक अख्खा देश उभा राहिला. नाव ठेवले शेंगादेश. राजधानी जिन्याखाली. चलन भाजलेले शेंगदाणे. आणि झेंडा म्हणजे आजीच्या जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा!

राजा ठरला, सेनापती ठरला, खजिनदार ठरला. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "ए, आपल्याला गुप्तहेर खातं पाहिजे की!" झाले! सेनापतीने तिथल्या तिथे राजीनामा दिला, कारण त्यालाही हेर व्हायचे होते. खजिनदाराचेही तेच. शेवटी राजा तेवढा राजा राहिला आणि बाकी सगळे हेर झाले. खात्याचे नाव ठरले 'घुबड खाते'. का, तर घुबडाला अंधारात दिसते आणि ते उडताना आवाज होत नाही. मग एका वहीत लाल शाईने खात्याचे नियम लिहिले गेले.

एक : घुबड कोण आहे, हे कोणाला सांगायचे नाही.

दोन : घुबडाने आणलेली बातमी खरीच मानायची.

तीन : घुबडाला कोणीही प्रश्न विचारायचा नाही.

ती वही मुलांनी मला मोठ्या अभिमानाने दाखवली. "काका, कसं आहे आमचं खातं?" मी म्हटले, "झकास!" खरे सांगू? दुसरा आणि तिसरा नियम वाचताना मी जरा थबकलो होतो. पण म्हटले, मुलांचा खेळ आहे, कशाला मध्ये पडा. तिथेच माझे चुकले.

आठ दिवसांनी शेंगादेशात चोरी झाली. क्रिकेटच्या चेंडूंसाठी सगळ्यांनी मिळून जमवलेले १२० रुपये एका जुन्या कंपासपेटीत ठेवले होते. ती पेटीच गायब! लगेच एका घुबडाने बातमी आणली, "दुपारी मी त्याला पेटीजवळ बघितलं." हा 'तो' म्हणजे त्यांच्यातला सगळ्यांत लहान, मागच्या गल्लीतून खेळायला येणारा मुलगा. नियम दोन, म्हणून बातमी खरी. नियम तीन, म्हणून प्रश्न नाही. वहीत त्याचे नाव लिहून पुढे 'देशद्रोही' असा शेरा मारला गेला. तो काही बोलला नाही. चप्पल घातली आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून खेळायला आलाच नाही.

मला हे कळले त्या संध्याकाळी मी सगळ्या घुबडांना गच्चीवर बसवले आणि एका खऱ्याखुऱ्या हेरखात्याची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो. कंपासपेटीचे पुढे काय झाले? तेही सांगतो, पण शेवटी!

गोष्टीतले बहिर्जी, कागदातले बहिर्जी

शिवाजी महाराजांचे हेर म्हटले की कोणाचे नाव आठवते? बरोबर! बहिर्जी नाईक. तुम्ही त्यांच्या कितीतरी गोष्टी ऐकल्या असतील. ते कधी फकीर व्हायचे, कधी वासुदेव, कधी कोळी. त्यांचे हजारो हेर होते. पक्ष्यांच्या आवाजात ते एकमेकांशी बोलायचे. ऐकताना अंगावर काटा येतो, नाही का?

पण आता जरा आपणच हेर होऊ या. या गोष्टी सांगणाऱ्याला त्या कुठून कळल्या? जुन्या कागदपत्रांत पाहिले, तर बहिर्जींचे नाव अगदी मोजक्या ठिकाणी येते. त्यांतली महत्त्वाची जागा म्हणजे सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या दरबारातला माणूस. पुढे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्याने जिंजीच्या किल्ल्यावर १६९४च्या सुमारास ही बखर लिहिली. म्हणजे महाराजांच्या निधनाला तेव्हा साधारण चौदा वर्षे झाली होती. महाराजांना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती.

हा सभासद काय सांगतो? तो बहिर्जी जाधव असे नाव देतो, त्यांना शहाणा माणूस म्हणतो आणि जासुदांवरचा सरदार म्हणून त्यांची नोंद करतो. पक्ष्यांची भाषा त्यात नाही, हजारो हेरही नाहीत. वेषांतराच्या गोष्टी लोकांनी पिढ्यान् पिढ्या प्रेमाने सांगितल्या. त्यात काही खरे असेलही. पण गोष्ट आणि पुरावा यांचे कप्पे वेगळे ठेवायचे, बरं का! हेरखात्याचा पहिला धडा हाच.

आणि विचार करा, ज्या हेराबद्दल सगळ्यांना सगळे माहीत असेल, तो हेर कसला? बहिर्जींची माहिती कमी मिळते, हेच कदाचित त्यांच्या कामाचे प्रशस्तिपत्रक असेल.

आता थोडी शब्दांची गंमत. 'जासूद' हा शब्द आपल्याकडे अरबी 'जासूस'वरून आला. पण मराठीत जासूद म्हणजे नुसता हेर नव्हे, पत्रे घेऊन धावणारा माणूसही जासूदच. आपला साधा शब्द 'हेर'. हेरणे म्हणजे नीट पाहून ठेवणे. तुमच्या वर्गात 'वाकनीस' आडनावाचे कोणी आहे का? तो शब्द 'वाकियानवीस'वरून आला, म्हणजे घडलेली हकीकत लिहून ठेवणारा. १६७४ साली महाराजांच्या अष्टप्रधानांत दत्ताजी त्रिंबक हे वाकनीस होते. राज्यात काय चालले आहे याच्या बातम्या राखणे हे त्या प्रधानाचे काम. म्हणजे बातमीला थेट मंत्रिमंडळात जागा होती!

सुरतेची बातमी

१६६४च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली, हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. सुरत म्हणजे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर. इंग्रज आणि डच यांच्या वखारी तिथे होत्या. या स्वारीच्या आधी बहिर्जी सुरतेला जाऊन आले आणि तिथे अमाप द्रव्य मिळेल असे त्यांनी महाराजांना सांगितले, असे सभासद लिहितो.

आता सांगा, सुरत श्रीमंत आहे हे कळायला हेर कशाला हवा? ते तर सगळ्या जगाला माहीत होते! हेराचे खरे काम त्याच्या पुढचे. शहराला तट आहे का? तेव्हा सुरतेला भक्कम तट नव्हता, तो या लुटीनंतर बांधला गेला. शिपाई किती? सुरतेचा सुभेदार इनायतखान सरकारी खजिन्यातून पाचशे शिपायांचा पगार उचलत असे, पण तेवढे शिपाई त्याने ठेवलेच नव्हते! कागदावर पाचशे आणि प्रत्यक्षात नावाला. मराठे आले तेव्हा हा सुभेदार किल्ल्यात जाऊन लपला आणि शहर उघडे पडले.

ही असली माहिती नकाशात सापडत नाही. ती बाजारात चहूकडे कान ठेवून हिंडणाऱ्याला, धर्मशाळेच्या ओट्यावर बसणाऱ्याला सापडते. कागदावर काय आहे आणि खरोखर काय आहे, यातला फरक ज्याला दिसतो तो हेर.

तीन दिवस, तीन रात्री

दुसरी हकीकत १६७९ सालची. महाराजांनी जालना लुटले आणि लूट घेऊन ते परत निघाले. वाटेत मोगल सरदार रणमस्तखानाने गाठले. मोठी लढाई झाली. सिधोजी निंबाळकर हा शूर सरदार त्यात पडला. मागून मोगलांची आणखी फौज येत होती. सैन्य थकलेले, बरोबर लुटीचे ओझे. पुढे काय?

तेव्हा बहिर्जी पुढे झाले. नेहमीची वाट सोडून त्यांनी अशा आडवाटेने सैन्य काढले की शत्रूला पत्ताच लागला नाही. तीन दिवस आणि तीन रात्री चालून ते महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप घेऊन आले. तिथे महाराजांनी विसावा घेतला, म्हणून त्या किल्ल्याचे नाव पडले विश्रामगड. अकोले तालुक्याच्या हद्दीवर आजही तो उभा आहे. सहलीला गेलात तर आठवण ठेवा.

यात तलवार कुठे आहे? कुठेच नाही. ही वाट बहिर्जींना त्या दिवशी अचानक सुचली असेल का? मला वाटते, नाही. कधीतरी, काही गरज नसताना, ती त्यांनी पाहून ठेवलेली असणार. हेरून ठेवलेली!

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बाणूरगड आहे. त्याचेच जुने नाव भूपाळगड. आपल्या सांगोल्यापासून तो फार लांब नाही. तिथली एक समाधी बहिर्जी नाईकांची मानली जाते. 'मानली जाते' असे मी लिहिले, 'आहे' असे लिहिले नाही. का, ते आता तुमच्या लक्षात आले असेल!

एकाचे ऐकू नये, तिघांचे जुळले तर मानावे

"पण काका, हेरच खोटं बोलला तर?" गच्चीवर बसलेल्या एका घुबडाने विचारले. मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो.

हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याचे उत्तर आहे. हा ग्रंथ शेकडो वर्षे हरवल्यासारखाच होता. १९०५ साली म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्री या पंडितांच्या हाती त्याची ताडपत्रावरची प्रत आली आणि १९०९ साली त्यांनी तो छापला. त्यात हेरांचे प्रकार दिले आहेत. विद्यार्थ्याच्या वेषातला, शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या, तपस्व्याच्या वेषातला, भिक्षुणीच्या वेषातली स्त्री हेरसुद्धा! पण मला सगळ्यांत आवडतो तो त्यातला एक साधा नियम. हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये, आणि तीन वेगवेगळ्या हेरांची बातमी जुळली तरच ती खरी मानायची.

पाहा बरं, किती शहाणपणाचा नियम आहे! एक माणूस चुकतो. एखाद्याचा कोणावर राग असतो. एखाद्याला बक्षीस हवे असते. पण एकमेकांना न ओळखणारे तीन जण एकच चूक सहसा करत नाहीत.

महाराजांकडेही बातमीचा एकच झरा नव्हता. १६५९ साली अफझलखान विजापुरातून निघाला. बखरी सांगतात की तो तुळजापूर, पंढरपूर करीत वाईला आला, म्हणजे आपल्याच भागातून गेला. तो भेटीत दगा करणार का, हा जिवाचा प्रश्न होता. तेव्हा महाराजांनी नुसत्या जासुदांवर भिस्त ठेवली नाही. आपले वकील पंताजी गोपीनाथ यांना त्यांनी खानाच्या छावणीत पाठवले. पंताजींनी खानाच्या माणसांना पैसे चारून त्याच्या मनातले काढून घेतले, असे सभासद सांगतो. म्हणून १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज गेले ते चिलखत घालून!

माचणूरचा बादशहा

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठावर माचणूर आहे. सिद्धेश्वराच्या देवळासाठी तुम्ही कदाचित तिथे गेला असाल. शेजारी एक पडका किल्ला आहे. तिथे, ब्रह्मपुरीला, १६९५ ते १६९९ या काळात दिल्लीच्या बादशहाचा, औरंगजेबाचा मुक्काम होता. होय, आपल्या भीमेच्या काठावर! अख्ख्या हिंदुस्थानचा कारभार तेव्हा एका छावणीतून चालत होता.

या बादशहाचे बातमीखाते केवढे मोठे होते म्हणता! 'वाकियानवीस' उघडपणे बातम्या लिहून पाठवायचा. 'सवानिहनिगार' त्याच्यावर लक्ष ठेवून महत्त्वाच्या बातम्या वेगळ्या कळवायचा. 'खुफियानवीस' म्हणजे अगदी गुप्त बातमीदार, त्याची ओळख तिथल्या अधिकाऱ्यांनाही नसायची. आणि 'हरकारे' धावत बातम्या आणायचे. एकाने खोटे लिहिले तर दुसऱ्याच्या पत्रातून ते उघडे पडावे, अशी योजना. मनुची नावाच्या इटालियन प्रवाशाने लिहून ठेवले आहे की ही पत्रे रात्री नऊच्या सुमारास महालातल्या स्त्रिया बादशहाला वाचून दाखवत. दरबारात रोज काय घडले याची पत्रकेही निघत. त्यांना अखबारात म्हणतात, आणि राजस्थानात बिकानेरच्या सरकारी दप्तरखान्यात ती आजही जपून ठेवलेली आहेत.

मग एवढ्या बातम्या येऊन बादशहा जिंकला का? नाही! १६९९ साली तो स्वतः मराठ्यांचे किल्ले घ्यायला ब्रह्मपुरीहून निघाला. एक किल्ला घ्यावा तर दुसरा जावा. १७०७ साली अहमदनगरजवळ तो वारला तेव्हाही युद्ध चालूच होते. बातमी असणे वेगळे आणि तिच्यातून नीट अर्थ काढून शहाणा निर्णय घेणे वेगळे. सगळा पेपर पाठ आहे, पण प्रश्न काय विचारला तेच कळले नाही, असे तुमचे कधी झाले आहे का? तसेच काहीसे!

बातमी कमी पडली तर काय होते, तेही आपल्याच जिल्ह्याने पाहिले. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांची फौज दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या मागावर होती. सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीला इंग्रजांनी त्यांना अचानक गाठले. पेशवे निसटले, पण त्यांचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडले. ज्या मराठ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी दूरच्या सुरतेची खडान्‌खडा माहिती काढली, त्यांनाच शत्रू इतका जवळ आला तरी वेळेवर कळले नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोलापूरचा भुईकोट किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला.

याक शोधणारा गुराखी

"हे सगळं जुनं झालं. आता तर उपग्रह आहेत!" आमचा राजा म्हणाला.

आहेत ना. आपल्या देशाची हेरखातीही आहेत. देशातल्या धोक्यांवर नजर ठेवणारे इंटेलिजन्स ब्युरो फार जुने, त्याची सुरुवात १८८७ सालची. परदेशातल्या बातम्या काढणारे 'रॉ' २१ सप्टेंबर १९६८ रोजी स्थापन झाले, त्याचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव. शिवाय लष्कराचे स्वतःचे हेरखाते आहे.

पण १९९९ साली काय झाले, ऐका. मे महिन्याची ३ तारीख. लडाखच्या बटालिक भागातला ताशी नामग्याल नावाचा एक गुराखी आपला हरवलेला याक शोधत डोंगरात फिरत होता. त्याच्याकडे दुर्बीण होती. दुर्बिणीतून त्याला वर काही अनोळखी माणसे दगड रचताना, बर्फ बाजूला करताना दिसली. त्याने खाली येऊन लष्कराला सांगितले. कारगिलच्या घुसखोरीची पहिली खबर ती हीच! मोठमोठ्या खात्यांच्या आधी ती एका गुराख्याने दिली.

युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपण कुठे कमी पडलो, हे तिने स्पष्ट लिहिले. वेगवेगळ्या खात्यांकडच्या माहितीचा एकमेकांशी नीट मेळ बसत नव्हता, ही त्यातली एक मोठी उणीव. मग २००२ साली भूदल, नौदल आणि हवाईदल यांच्या बातम्या एकत्र जुळवण्यासाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था स्थापन झाली. आपली चूक मोकळेपणाने मान्य करून ती सुधारणे, हेही देशाचे रक्षणच आहे.

हेराला कोणी विचारायचे?

आता तिसरा नियम. घुबडाला प्रश्न विचारायचा नाही!

मित्रांनो, सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे तुम्ही येता-जाता पाहता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटून उठले. इंग्रज सरकारचा अंमल काही दिवस शहरात उरलाच नाही. मग १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. गांधी टोपी घालणे, तिरंगा फडकवणे हा गुन्हा ठरला. वर्तमानपत्रांवर बंधने आली. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून या चौघांवर खटला चालवला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्यांच्याविरुद्धच्या साक्षी खऱ्या नव्हत्या, असे सोलापूरकर आजही सांगतात.

ज्या राज्यात सत्ता कोणाला उत्तर द्यायला बांधील नसते, तिथे एका माणसाच्या बोटावर दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. शत्रूवर ठेवायची नजर आपल्याच माणसांवर वळली की तिला देशाचे रक्षण म्हणत नाहीत.

म्हणूनच स्वतंत्र भारतात गुप्त म्हणजे कायद्याबाहेर, असे मानलेले नाही. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. त्यात 'रॉ', इंटेलिजन्स ब्युरो अशा खात्यांना आपली माहिती जाहीर करण्यातून सूट दिली आहे. ते बरोबरच आहे, नाही तर शत्रूही अर्ज करील! पण त्याच कलमात एक मेख मारून ठेवली आहे. भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्कांच्या भंगाचा आरोप असेल, तर त्याबाबतच्या माहितीला ही सूट नाही. म्हणजे घुबडालासुद्धा प्रश्न विचारता येतो!

आणि ती कंपासपेटी?

गोष्ट संपली तेव्हा गच्चीवर कोणी बोलेना. मग ज्याने बातमी आणली होती ते घुबड हळूच म्हणाले, "मी त्याला पेटीजवळ बघितलं हे खरं आहे. पण पेटी घेताना नाही बघितलं."

पाहिलेत? पाहिले ते एक आणि सांगितले ते दुसरेच वाटले! तो खोटे बोलला नव्हता. पण "तू नक्की काय पाहिलंस?" एवढा एकच प्रश्न कोणी विचारला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

दुसऱ्या दिवशी सगळे घुबड खाते कामाला लागले. घरोघरी चौकशी झाली. आणि पेटी सापडली! वाड्यातल्या एका ताईने जिना झाडताना ती उचलून मीटरच्या पेटीवर ठेवली होती, आणि सांगायचे विसरून गेली होती. १२० रुपये जसेच्या तसे.

मग सगळी फौज मागच्या गल्लीत गेली. मीही लांबून पाहत होतो. राजाने सगळ्यांसमोर माफी मागितली. तो छोटा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "आधी वहीतलं नाव खोडा." नाव खोडले. तरी तो लगेच आला नाही, बरं का. दोन दिवस लागले. बातमी पसरायला एक मिनिट पुरते, पण दुखावलेले मन परत यायला वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी तो आला आणि घुबड खात्याचा प्रमुख तोच झाला. त्याच्या अक्षरात वहीत आता नवे नियम आहेत.

एक : पाहिले तेवढेच सांगायचे. वाटले ते वेगळे सांगायचे.

दोन : तिघांचे जुळले तरच खरे मानायचे.

तीन : ज्याच्यावर आरोप आहे, त्याला आधी विचारायचे.

चार : राजाला आवडणार नाही ती बातमीसुद्धा सांगायची.

चौथा नियम मी सुचवलेला नाही. तो त्याचा त्यानेच लिहिला!

तुम्हीही करून पाहा

मधल्या सुट्टीत मैदानावर दोन मिनिटे काय घडते ते तीन मित्रांना पाहायला सांगा. तिघांनी एकमेकांशी न बोलता ते कागदावर लिहायचे. मग तिन्ही कागद शेजारी ठेवा. तिघांतही आहे ते हिरव्या पेन्सिलीने रंगवा, एकातच आहे ते लाल पेन्सिलीने. लाल किती निघाले ते मोजा. तुम्हाला आश्चर्य वाटेल!

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठीही एक. मोबाइलवर आलेला एखादा निरोप पुढे पाठवण्याआधी मुलांना विचारा, "ही बातमी खरी कशावरून?" घरात एक बहिर्जी असला की फार उपयोग होतो!